पायरीला एक शब्द

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं.

“अकरा मिनिटं,” ते म्हणाले. “काल अकरा, परवा अकरा. दुसऱ्या पाळीचा माणूस सात मिनिटांत वर पोचतो.”

तिचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता, तो तसाच राहिला. कमरेचा पट्टा तिने उगाच पुन्हा आवळला. साहेब म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. क्रेनच्या उभ्या खांबातून केबिनपर्यंत दोनशे पायऱ्या होत्या आणि ती पायरीला एक शब्द म्हणत चढायची. प्रभूने शिकवलेली प्रार्थना, एकेक शब्द करून. तिसरं ‘आमेन’ झालं की केबिनचं दार हाताला लागायचं.

“देवधर्म घरी करायचा, बाई. आजपासून सात मिनिटं. आणखी एकदा काम खोळंबलं तर क्रेन दुसऱ्याला देईन. तुम्ही स्टोअरमध्ये बसा चाव्या सांभाळत.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षं ती क्रेन चालवत होती. याच जागेवर माणसं दिवसातून चारचारदा सिगारेट ओढायला पाण्याच्या टाकीमागे जात, त्यांची मिनिटं कुणी मोजत नव्हतं. हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण वरच्या केबिनखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. ती “बरं” म्हणाली आणि त्या ‘बरं’चा तिला साहेबांपेक्षा जास्त राग आला.

पायरीला एक शब्द, ही काही हौस नव्हती. गेल्या वर्षी वाऱ्याच्या झोताने हुकाला लटकलेली लोखंडी चौकट फिरली आणि एका मजुराच्या डोक्यापासून हातभर अंतरावर भिंतीवर आदळली. कुणाला खरचटलंही नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, तिचा तेवढा पडला नाही. तेव्हापासून छातीत धडधड, तोंडाला कोरड, बोटांना कापरं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “विश्वास कमी पडतोय, ताई. प्रभूवर सोपवा आणि निर्धास्त व्हा.” वर चहा घेऊन जा म्हणाले. चहा न घेता ती घरी आली आणि देवावरच उखडली. महिनोन् महिने हाका मारतेय, तू हूं की चूं करत नाहीस, आणि विश्वास कमी पडतो तो माझा?

मग एका सकाळी शिडीशी उभी असताना पाय उचलेचना. प्रार्थना म्हणायला गेली, तर पुढचं आठवेना. नुसता पहिला शब्द आठवला. तेवढा म्हणून ती एक पायरी चढली. तिथे दुसरा आठवला. त्या दिवसापासून धडधड गेली नाही, पण ती वर पोचू लागली.

“चढताय ना?” साहेबांनी घड्याळाचं बटण दाबलं.

ती तरातरा चढली. सात मिनिटांत. केबिनमध्ये बसली तेव्हा पाठ घामाने ओली होती आणि आतून एकही शब्द वर येत नव्हता. समोरचा वॉकीटॉकी खरखरला.

“आहे का?”

हे सिग्नलवाले काका. खाली उभं राहून क्रेनला वाट दाखवायची हे त्यांचं काम, आणि रोजची सुरुवात याच दोन शब्दांनी व्हायची.

“आहे.”

“आज लवकर? देवाने फाटकावरूनच परत पाठवलं की काय?”

काका देवाच्या वाटेला कधी गेले नव्हते. ती निघाली की ‘आमचाही नमस्कार सांग’ एवढाच त्यांचा धर्म. एरवी ती हसायची.

“कामाचं सांगा, काका.”

काम अवघड होतं. काँक्रीटचा तयार जिना, चार टनांचा, उचलून इमारतीच्या मागच्या अंगाला खाली उतरवायचा होता. इमारत मधे असल्यामुळे तिला तो दिसणार नव्हता. अशा कामाला नियम एकच. सिग्नलवाल्याने अखंड बोलत राहायचं, आणि त्याचा आवाज थांबला की क्रेनवाल्याने हात थांबवायचा. कारण विचारायचं नाही.

जिना इमारतीवरून पलीकडे गेला. तिच्या समोर आता फक्त ताणलेली तार होती.

“खाली... खाली... खाली... हळू... खाली...”

आणि आवाज थांबला.

तिने क्रेनचा दांडा सोडला. तार स्थिर झाली. वॉकीटॉकीत नुसती खरखर. तीच ती चौकट, तीच भिंत, तेच हातभर अंतर डोळ्यांपुढे फिरू लागलं.

“काय झालं? का थांबलं काम?” आवाज आला, पण तो साहेबांचा.

“काकांचा आवाज नाही.”

“दोन हातच राहिलंय. सोडा खाली.”

“तुम्हाला जिना दिसतोय, साहेब?”

“मी ऑफिसात आहे. वेळापत्रक आहे माझ्यासमोर. सोडा म्हणतो ना.”

ऑफिस फाटकाजवळ होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

“तुम्हाला दिसत नाही, मला दिसत नाही,” ती म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज एवढा खणखणीत लागला नव्हता. “ज्याला दिसतं तो बोलेपर्यंत माझा हात हलणार नाही. स्टोअर उघडून ठेवा हवं तर.”

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते कापत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. देव वर्षभर गप्प होता हे खरं. पण ती कुठे थांबली होती? जे दिसत नाही ते मनातल्या मनात उचलायचं, खाली सोडायचं, भिंतीवर आदळवायचं, वर्षभर ती दांडे ओढत बसली होती. हात सोडला म्हणून ओझं पडत नाही. ब्रेक धरून असतो. हे तिला सोळा वर्षं माहीत होतं. पाळकसाहेबांनी निर्धास्त व्हायला सांगितलं, पण कसं व्हायचं ते सांगितलं नाही, या गोष्टीचा तिला आता नव्याने राग आला.

रागातच तिने पहिला शब्द म्हटला. एक श्वास. मग दुसरा. इथे पायऱ्या नव्हत्या, म्हणून श्वासाला एक. ‘आमेन’ झालं, तिने पुन्हा सुरू केलं. साहेब मधेमधे ओरडत होते. हातांचं कापरं कधी ओसरलं ते तिला कळलं नाही.

“आहे का? आहे का तू?” काकांना दम लागला होता.

“आहे.”

“तशीच थांब. गवंडी शिरला होता जिन्याच्या बुडाखाली, सिमेंटचा माल सारखा करायला. मी हातातलं टाकून त्याला पाय धरून ओढला. वॉकीटॉकी खड्ड्यात, बॅटरी चार हात लांब. तू सोडलं असतंस तर... चल. खाली... खाली...”

संध्याकाळी ती उतरली तेव्हा शिडीपाशी शिपाई पत्र घेऊन उभा होता. सहा मिनिटं काम थांबवलं आणि वरिष्ठांशी उद्धटपणे बोललात, लेखी खुलासा द्या. काकांनी पत्र दोनदा उलटसुलट केलं.

“गवंड्याचं नाव कुठंय यात?”

“नाहीये.”

“माणूस वाचला, ते?”

“तेही नाहीये.”

काकांनी एक अस्सल शिवी हासडली. तिने पत्र शिडीवर टेकवून पाठीमागे एकच ओळ लिहिली. ‘आवाज थांबला होता, म्हणून मी थांबले.’ गवंडी एवढा वेळ बाजूला उभा होता. तो पुढे आला, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि सिमेंट वाळलेल्या बोटांनी त्या ओळीखाली स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्याखाली काकांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घड्याळ घेऊन शिडीशी हजर. खुलाशाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. धडधड होतीच. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पहिला शब्द म्हटला आणि तो नीट पुरा होऊ दिला. मगच दुसरी पायरी.

तिसऱ्या ‘आमेन’ला केबिनचं दार हाताला लागलं. आत बसून तिने हात मांडीवर ठेवले. वॉकीटॉकी अजून चालू केलेला नव्हता.

“आहे,” ती म्हणाली.

मग तिने बटण फिरवलं. खालून साहेबांचा आवाज आला.

“बारा मिनिटं झाली, बाई.”

“लिहून घ्या,” ती म्हणाली.