गयासुद्दीनचे अधिक

"याच्यावर चालवून दाखवा," म्हणत गयासुद्दीननं पिशवीतून बाभळीचा हातभर ठोकळा काढला आणि काउंटरवर ठेवला. ठोकळ्यात गिरमिटानं सहा छिद्रं आधीच पाडलेली होती. शर्टाच्या खिशातून सहा स्क्रूही निघाले.

अकोल्यातल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी प्लायवूडचा तुकडा ठेवलेला असे. दुकानदार कुलदीपनं त्याकडे बोट केलं. "चाचा, हे आहे ना इथं. घरून लाकूड कायले आणलं?"

"त्याच्यात तर माह्या नखानंही स्क्रू जाते."

शेजारी उभ्या बिल्कीसनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. बायको बरोबर आणण्याची गयासुद्दीनची इच्छा नव्हती. पण अकोटला तो एसटीत चढला, तेव्हा ती आधीच खिडकीशी बसलेली होती.

पस्तीस वर्षं त्यानं अकोटला सुतारकाम केलं. आधी बैलबंड्या, वखर, तिफणी. लोकांनी बैल विकले तशी बंड्यांची कामं गेली. मग दारं, खिडक्या, लग्नाचे पलंग. यंदा बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली, तर लग्नंही पुढे ढकलली गेली. हातात एकच मोठं काम होतं: जवळच्या खेड्यातल्या शाळेचे बावीस बाक. फळ्या बदलायच्या, दिवाळीची सुट्टी संपायच्या आत.

आणि त्याच वर्षी उजवं मनगट रुसलं. पिळायचं काम बंद करा, नाहीतर वाटीसुद्धा उचलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गयासुद्दीननं ते कुणाला सांगितलं नाही. गयासभाईचा हात गेला, एवढं बाजारात पसरलं की उरलेली कामंही दुसऱ्याच्या दारात जाणार, हे त्याला ठाऊक होतं. बिल्कीसला मात्र सांगावं लागलं नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यानं न उघडताच तिच्यापुढे सरकवलं, तेव्हाच ती समजली.

"हे घ्या, ड्रिल," कुलदीप म्हणाला. "भोकंही पाडते, स्क्रूही कसते. एकात दोन. कामाच्या जागी लाइन नसली तरी बॅटरीवर चालते."

गयासुद्दीननं ड्रिल बाभळीवर धरलं. स्क्रू सरसर उतरला, तळाशी अडकला आणि अडकताच सगळं यंत्रच हातात फिरलं. मनगटाला पीळ बसला. त्यानं ड्रिल सावकाश खाली ठेवलं आणि हात पिशवीत घातला, जणू काही शोधतोय.

"काय झालं, चाचा?"

"काही नाई. जड आहे."

"दुसरं दाखवा," बिल्कीस म्हणाली.

दुसरं यंत्र मुंगसाच्या तोंडासारखं आखूड होतं. "इम्पॅक्ट ड्रायव्हर," कुलदीप म्हणाला. "हे स्क्रू कसायच्याच कामाचं. बोट हळू दाबा."

स्क्रू अर्ध्यापर्यंत शांतपणे गेला. बाभळीनं अडवल्यावर यंत्राच्या पोटात टकटकटक सुरू झालं. यंत्र आतल्या आत बारीक घाव घालून स्क्रू पुढे ढकलत होतं आणि हात होता तिथंच होता. गयासुद्दीननं उरलेले चारही स्क्रू बसवले, प्रत्येक वेळी मनगट आवळून, झटक्याची वाट पाहत. झटका आला नाही.

"आवाज लय करते पण," कुलदीप प्रामाणिकपणे म्हणाला.

"आवाजाची सवय आहे त्याईले," बिल्कीस म्हणाली. "घरी मी आहो ना."

शाळेतला पहिला बाक बिघडला. टकटक सुरू झाल्यावरही त्यानं बोट दाबूनच ठेवलं. स्क्रूचं डोकं फळीत बुडालं आणि कडेला चीर गेली. ती फळी त्यानं बाजूला ठेवली. दुसऱ्या बाकापासून आवाज येताच बोट सोडू लागला. दुपारपर्यंत आठ बाक झाले. मनगट दुखलं नव्हतं. कितीतरी महिन्यांनी तो काम करता करता गुणगुणत होता.

मुख्याध्यापिका साधना मॅडम वर्ग पाहायला आल्या, बाकावर बसल्या आणि सवयीनं फळीवरून बोट फिरवू लागल्या. एका स्क्रूपाशी बोट थांबलं. मग दुसऱ्यापाशी.

"चाचा, हे गुणिले कसे झाले?"

गयासुद्दीनचं गुणगुणणं थांबलं. स्क्रूच्या डोक्यावरची फुली तो नेहमी सरळ उभी ठेवायचा. शेवटचा पाव आटा हातानं द्यायचा, फुलीची एक रेघ उभी, एक आडवी येईपर्यंत. त्याच्या बापाची ती शिस्त होती. शाळेच्या जुन्या बाकांवर अकरा वर्षं तसेच स्क्रू होते, आणि पहिलीतल्या मुलांना अधिकची खूण मॅडम त्यांच्यावरच बोट ठेवायला लावून शिकवत. नव्या फळ्यांवर फुल्या वाटेल तशा कलंडल्या होत्या.

"मशीनचं काम आहे, मॅडम."

"मशीनले नाही विचारून राहिली मी. तुमाले विचारून राहिली."

तो हातातल्या यंत्राकडे पाहत राहिला. मॅडम त्याच्या मनगटाला बांधलेल्या पट्ट्याकडे पाहत होत्या. बाही वर गेली होती, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हात फिरत नाई आता," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. मॅडमनी फळी हातानं दाबून पाहिली. मग उठता उठता म्हणाल्या, "फळ्या मजबूत आहेत. पण पहिलीच्या पोट्ट्याईले गुणिले समजत नाही, चाचा. पुढच्या वर्गात येते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला, तेव्हा बिल्कीस दारात चप्पल घालून उभी होती. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात त्याच्या बापाचा लाकडी मुठीचा पेचकस.

"तू कायले?"

"तुमचे गुणिले सरळ करायले. मॅडमचं सांगून रातभर कुढले, अन् आता विचारता कायले."

वर्गात ती बाकाशेजारी फतकल मारून बसली. गयासुद्दीन यंत्रानं स्क्रू उतरवायचा, पहिली टक ऐकताच बोट सोडायचा आणि पुढे सरकायचा. मागून बिल्कीस पेचकस लावायची. पहिल्याच स्क्रूला तिनं इतका जोर लावला की फळी कुरकुरली.

"मारतं का त्याले?"

"मग समजावं कसं, कुठं थांबायचं?"

तो गुडघे टेकून तिच्याजवळ बसला. पेचकसाच्या मुठीवर तिचा हात होता, त्यावर त्यानं आपला उजवा हात ठेवला. जोर दिला नाही; देता येत नव्हता. "फिरव," तो म्हणाला. तिचं मनगट फिरलं. त्याच्या तळव्याला लाकडाचं आवळणं कळत होतं, जसं पस्तीस वर्षं कळत होतं. "बस."

फुली सरळ उभी राहिली होती.

"अधिक," बिल्कीस म्हणाली.

एक बाक झाला, दोन झाले. कालचे आठ शेवटी सरळ करायचे ठरले. तो "बस" म्हणे आणि ती थांबे. सातव्या बाकाला त्याचा "बस" आणि तिचं थांबणं एकदमच झालं. नवव्याला तो तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा हात आपणहून थांबला. फुली बरोबर उभी होती. त्यानं पुढच्या स्क्रूला पाहिलं, त्याच्याही पुढच्याला पाहिलं. दोन्ही वेळा ती आधी थांबली.

त्याचा हात अजून तिच्या हातावर होता. थोडा वेळ त्यानं तो तसाच राहू दिला. मग उचलला, शर्टाला पुसला आणि यंत्र घेऊन पुढच्या बाकाकडे गेला.