लुंबिनीच्या हृदयाची भिंत

रविवारची सकाळ होती. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या लहानशा स्वयंपाकघरात प्रभावतीबाई पोहे भिजवत होत्या आणि त्यांची मुलगी लुंबिनी कोथिंबीर निवडत होती. पानिपतहून सुगत आणि त्याची आई मुलगी बघायला येणार होते. केंद्र सरकारच्या नोकरीतले तिचे वडील बबनराव बाहेर खुर्च्या मांडत होते.

या घराला पत्रिका कधी लागली नाही. बबनरावांच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हाच गुण, नाडी, मंगळ सगळे हद्दपार झाले, आणि त्याचा सगळ्यांना रास्त अभिमान होता. पण हल्ली स्थळ आलं की आडून आडून विचारणा व्हायची. घरात कुणाला शुगर? बीपी? मुलीला गोळ्या वगैरे? सुशिक्षित माणसांनी मंगळ सोडला आणि लॅबचा रिपोर्ट धरला, एवढाच काय तो फरक.

लुंबिनीला बीपी असल्याचं तीन वर्षांपूर्वी नोएडाच्या ऑफिसातल्या तपासणीत कळलं होतं. तिने आणलेल्या गोळ्या आईने कपाटात वर ठेवून दिल्या.

"लग्न ठरू दे, मग बिल्कुल चालू कर. एकदा लागली की जन्माची लागते गं, आणि लपत नाही."

बबनरावांनी पेपराचं पान उलटलं. लुंबिनीचं काही दुखत नव्हतं, तिनेही ऐकलं.

मागच्या आठवड्यात जिना चढताना तिला धाप लागली, तेव्हा मायलेकी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी इको केला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"दिल की दीवार मोटी हो गई है. दवा कब से ले रही हो?"

"ली ही नहीं."

"क्यों?"

लुंबिनीने आईकडे पाहिलं. आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, व्यायामाने दंड भरतात तसा. पण दंड भरले तर कौतुक होतं. इथे भिंत कडक होते, हृदय नीट सैल पडत नाही, पुरतं भरत नाही आणि शेवटी थकतं. औषधाने जाडी कमी होऊ शकते. किती, ते डॉक्टर सांगू शकले नाहीत.

"गोळी घे," आई रिक्षात म्हणाली, "पण रविवारी बोलू नकोस."

पाहुणे आले, जयभीम झालं, पोहे झाले. सुगतची आई हसून म्हणाली, "आम्ही पत्रिकाबित्रिका मानत नाही हं ताई. फक्त तब्येत बघतो. मुलीला काही औषध वगैरे?"

"छे, बिल्कुल नाही!" प्रभावतीबाई म्हणाल्या.

लुंबिनीने चहाचा ट्रे खाली ठेवला. तिला भीती वाटली नाही, रागही आला नाही. स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू आला.

"मला बीपी आहे, काकू. लग्नासाठी औषध घेतलंच नाही, त्यात हृदय जाड झालंय. आता रोज गोळी घेते."

सुगत मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याची आई उठली. "अच्छा. कळवतो आम्ही."

ते गेल्यावर प्रभावतीबाई उष्ट्या बश्यांसमोर बसून राहिल्या. "काय मिळवलंस बोलून?"

"काही नाही."

"वाईट वाटतंय का गं?"

"काहीच वाटत नाहीये, आई. आत हृदय बदलत होतं, तेव्हाही काहीच वाटलं नव्हतं."

तेव्हा मात्र प्रभावतीबाईंना रडू फुटलं. बबनराव दारात उभे होते. या खेपेला त्यांच्या हातात पेपर नव्हता.

काही दिवसांनी दुसऱ्या स्थळाचा फोन आला. पलीकडच्या बाई फोटो मागत होत्या. प्रभावतीबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"आधी ऐकून घ्या. मुलीला बीपी आहे, ती गोळी घेते. ती मीच आधी घेऊ दिली नव्हती, चूक माझी. चालत असेल तर या."

पलीकडे कुणी बोलेना. तिथे कुणीही असू शकतं, माझ्यातुमच्यासारखं शिकलेलं, पत्रिका न मानणारं. प्रभावतीबाई फोन कानाला लावून उत्तराची वाट बघताहेत.