पाण्याची बोटं

मासेमारीला गेलेल्या नितेशदादाचा फोन पुन्हा आला आणि नम्रताने बोट टेकवण्याआधीच तिच्या फोनने तो आपणहून कापला.

काच वरून कोरडी होती. ओल आत होती. परवाच्या अवकाळी सरीत फोन भिजला, तेव्हा आईने तो तांदळात ठेवायचा म्हणून टोपलीत पुरला. पण टोपलीत होतं उकड्या तांदळासाठी उकडलेलं, पुरतं न वाळलेलं, सालीसकटचं भात. ओल घ्यायची सोडून त्याने फोनलाच दिली. एका कोपऱ्यात काचेखालचा गोंद कारखान्यात धड लागलाच नव्हता, तिथून ती आत शिरली. अशी काच पाण्यालाही बोट समजते, हे बी.एस्सी. झालेल्या नम्रताला ठाऊक होतं. दादाचा फोन याच्याच जोडीचा, तोच कोपरा सुटलेला. तो तर होडीवर प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात, घामाच्या वाफेत.

म्हणजे आता फोन दादा करत होता, की पाणी?

काल पाण्याने केला होता. तिने सगळा किनारा गोळा केला, शेजारचे बाबलीकाका होडी घेऊन धावले, आणि दादा खुशाल जाळं ओढत बसलेला. आज मात्र वारा फिरला होता. बाकीच्या होड्या दुपारीच परतल्या होत्या. काकांच्या फोनवरून लावावं, तर दादाचा नंबर सतत व्यस्त.

“आजव पाण्यानच केल्यान काय गो?” काकांनी जाळं शिवता शिवता विचारलं. भोवतालचे हसले.

नम्रता घरात पळाली. इअरफोनचं बटण वायरीवर असतं, काचेशी त्याचा संबंध नाही. वायर खोचून ती परत आली, तोच फोन वाजला. तिने बटण दाबलं.

लागला.

“दादा?”

 फळीवर आपटणारं पाणी, नुसतं पाणी. मग तिच्या लक्षात आलं, काय ऐकू येत नव्हतं ते. तिने एक टोक काकांच्या कानात घातलं.

“काका, मशीनीचो आवाज नाय.”

काकांनी सुई खाली ठेवली. दादाचं जाळं कुठे असतं ते सगळ्यांना माहीत होतं: काळ्या खडपाच्या अलीकडे. या वाऱ्यात मशीन बंद पडलेली होडी थेट खडकावर जाणार. काकांनी दोघांना हाक मारली आणि होडी पाण्यात लोटली.

नम्रता वाळूत बसली. आई शेजारी येऊन उभी राहिली. फोन तळहातावर आडवा, काचेला कुठे स्पर्श नको म्हणून. आत बाष्पाचा एक ठिपका फोन कापायच्या लाल गोलाकडे सरकत होता. फोन हलवला तर पाणी पसरेल. न हलवला तर तिथे पोचेल. कानात लाटा फुटू लागल्या, आता अधिक जवळ. खडपच.

मग लाटांमागून एक बारीक धडधड. मशीन. काकांचं. आणि अगदी कानाशी, घसा फुटेपर्यंत ओरडलेलं:

“बाबलीकाका! हंय आसय!”

ठिपका लाल गोलावर पोचला. फोन कापला गेला.

“काय म्हणालो तो?” आईने विचारलं.

इथे आहे म्हणाला, नम्रताने सांगितलं. पण कानातली वायर तिने काढली नाही.