कारणाचा रकाना

असं समज, की तू चौथ्या मजल्यावरच्या एका बंद दारासमोर उभी आहेस. लिफ्ट बंद, म्हणून जिना चढून आलेली. हातात जाड वही, कानामागे पेन. तू बेल वाजवतेस आणि आतून कोणीतरी वैतागून विचारतं, "कोण आहे?" काय सांगशील?

आम्रपालीने सांगितलं, "मतदान का नाही केलंत, ते विचारायला आलोय."

दार उघडलं. श्यामलाताईंनी आधी त्या दहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं, मग तिच्यामागे कठड्याला धरून दम खाणाऱ्या तिच्या आजोबांकडे.

"निवडणूक झाली, निकाल लागला, तुमचा माणूस पडला," त्या म्हणाल्या. "आता काय राहिलंय, रामदासभाऊ?"

"कारण तेवढं राहिलंय."

"मग घ्या लिहून. मागच्या वेळी ज्याला मत दिलं, तो मध्येच पक्ष बदलून गेला. माझं मत मला न विचारता गावभर फिरून आलं. यंदा म्हटलं, त्याला घरीच बसू दे."

आमूने मागे वळून पाहिलं. "एवढं सगळं लिहू?"

"जसं बोलल्या तसं."

"आणि ही लिफ्ट डिसेंबरपासून बंद आहे, तेही लिहा. तेव्हा नाही आलं कोणी कारण विचारायला."

रामदासांनी मान डोलावली. दार लागल्यावरही ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. उतरायच्या पायऱ्या चढायच्या पायऱ्यांपेक्षा वाईट असतात, हे त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होतं.

वारज्यातल्या या बूथचं काम ते सव्वीस वर्षं बघत होते. त्यांच्याकडे चार इमारती, दोनशे बारा नावं. मतदानाच्या दिवशी जो मत देऊन जाईल, त्याच्या नावावर ते यादीत लाल रेघ ओढायचे. यंदा सत्त्याण्णव नावांवरच रेघ पडली. निकालानंतर पक्षात जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला आणि सगळी बोटं फिरत फिरत बूथवर येऊन थांबली. रेघ नसलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहून आणा, असा निरोप आला.

"काका, घरी बसून भरा की," प्रभागाचा नवा अध्यक्ष विश्वजीत फोनवर म्हणाला होता. "बाहेरगावी, मयत, उदासीन. तीन शब्दांत वही भरते. सगळ्यांनी तेच केलंय."

"मी दारात जाऊन विचारीन."

"विचारा. पण शनिवारी पाचला बैठक आहे. खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटणारच. तुमच्या फुटू नये, एवढंच माझं म्हणणं."

रामदासांना खापराची भीती नव्हती. 'काका आता थकले, लोकांपर्यंत जात नाहीत,' असं बैठकीत कोणी म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर दिसेना, म्हणून सुट्टीतली नात लिहायला घेतली. पहिल्याच दिवशी तिने एका बंद घरापुढे स्वतःच 'बाहेरगावी' लिहिलं, तेव्हा त्यांनी ते खोडायला लावलं होतं.

"आपल्या मनाने कारण लिहायचं नाही, आमू. दारात जायचं, बेल वाजवायची, विचारायचं. माणसाचं कारण माणसाने सांगायचं."

आठ दिवस दोघं दारोदार फिरली. शनिवारी दुपारी घरी येऊन त्यांनी वही टेबलावर ठेवली. घरात पोळ्यांचा वास होता. आमूची आजी, हिराबाई, आत कणीक मळत होत्या.

"झाली बघ," रामदास म्हणाले. त्यांच्या डाव्या तर्जनीच्या नखावर शाईची काळी पट्टी आता टोकाशी सरकली होती. "शेवटचं पान तेवढं नजरेखालून घाल. आपल्याच इमारतीचं आहे."

आमूचं बोट एकेका नावावरून खाली सरकत गेलं. रामदास, लाल रेघ. संजय, तिचे बाबा, लाल रेघ. सोनाली, तिची आई, लाल रेघ. बोट थांबलं.

"आबा, आजीच्या नावावर रेघ नाहीये."

"राहिली असेल ओढायची."

पण बोलता बोलताच त्यांना तो दिवस आठवला. बूथबाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या अकरा कार्यकर्त्यांचा चहा, पोहे, दुपारचं जेवण, सगळं घरून गेलं होतं. डबे न्यायला आलेल्या पोराबरोबर त्यांनीच निरोप धाडला होता: गर्दी कमी झाली की रिक्षा पाठवतो, तयार राहा. रिक्षाने त्या दिवशी तेवीस म्हाताऱ्या माणसांना आणलं आणि घरी सोडलं. सहा वाजता केंद्राचं फाटक बंद झालं. ते घरी आले तेव्हा हिराबाईंच्या अंगावर इस्त्रीची सुती साडी होती. "किती झालं?" असं त्यांनी विचारलं, आणि रामदासांनी टक्केवारी सांगितली होती.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"लिही, आजारी," ते म्हणाले.

"आजी आजारी होती?"

"तिला जिना उतरवत नाही फारसा."

"पण रोज दूध आणायला तीच जाते." आमूने पेन हातात घेतलं होतं, पण कागदाला लावलं नव्हतं. "आणि त्या दिवशी तिने सत्तर पोळ्या केल्या. मी मोजल्या होत्या."

"आमू, पाचला बैठक आहे."

तिने वही मिटली, काखेत धरली, पेन कानामागे खोचलं. आत जाईल असं त्यांना वाटलं. ती बाहेरच्या दाराकडे गेली, चपला घातल्या, जिन्यात गेली आणि दार मागे ओढून घेतलं. कुलपाची जीभ खटकन बसली.

बेल वाजली.

"बघा हो कोण आलंय," आतून हिराबाई म्हणाल्या. "माझे हात कणकेचे आहेत."

रामदासांनी खुर्चीच्या दांडीवर हात टेकले, पण ते उठले नाहीत.

"तुझ्याकडे आलेत," ते म्हणाले.

बाहेर उभ्या असलेल्या आमूने पुन्हा एकदा बेल वाजवली.