आईचं रीळ

"लोखंडी काही लावू नकोस!" बाबा असे ओरडले, की माझ्या हातातलं हत्यार पडता पडता वाचलं. दात खरवडायचं हत्यार होतं ते, दवाखान्यातून खास आणलेलं.

"अहो बाबा, मी दातांची डॉक्टर आहे. हे मी माणसांच्या तोंडात घालते."

"माणसं निदान बोंबलतात तरी. फिल्मवर चरा उठला तर ती कुणाला सांगणार?"

घेतली मग लाकडी काडी. एरवी माझे बाबा चहात साखर नसली तरी हूं का चूं करत नाहीत, पण कपाटावरून तो जुना प्रोजेक्टर खाली काढला आणि त्यांच्या अंगातच आलं. मी जन्मल्यापासून तो डबा कपाटावर धूळ खात पडलेला. आमच्या घरात त्याच्यावर कुणी कधी काही बघितलेलं मला आठवत नाही.

उद्योग सुरू झाला तो आईमुळे. आई गेली गेल्या वर्षी. तिचा पुढचा एक दात वाकडा होता, त्यामुळे कॅमेरा दिसला की तोंड बंद. सगळ्या फोटोंत ती बँकेत नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखी दिसते. घरातसुद्धा हसू आलं की आधी हात तोंडावर जायचा. मी डॉक्टर झाल्यावर तिच्या किती मागे लागले, "दे गं सरळ करून, फुकट!" तर म्हणायची, "आता या वयात कुणाला दाखवायचेत?" आणि मागच्या आठवड्यात चहा पिता पिता बाबा सहज म्हणाले, "लग्नानंतरचं ते रीळ आहे ना, त्यात हसतेय की ती. अख्खं रीळभर."

माझा कप हातातच राहिला. आईला हाताआड न लपता हसताना मी जन्मात बघितलं नव्हतं. मला ते बघायचंच होतं, बस.

दादा फोनवर म्हणाला, "दुकानात दे, मोबाईलवर घालून देतात." त्याला सल्ले द्यायला काय जातंय! रीळ घराबाहेर जाणार नाही असं बाबांनी ठणकावून सांगितलं. मोटरीसाठी नवा रबरी पट्टा तेवढा दादाने मागवून दिला आणि स्वतःला धन्य मानून घेतलं.

जुन्या पट्ट्याचं पार डांबर झालं होतं. ते काढताना माझी नखं, बाबांचा सदरा आणि सोफ्याची उशी, सगळ्यांची वाट लागली. आतलं वंगण वाळून कडक झालेलं, ते कापूस आणि स्पिरिट घेऊन पुसत बसले. मग तेलाची वेळ आली, तर बाबा माझ्या खांद्यावरून वाकून पुन्हा सुरू. "थेंब! थेंब म्हणालो तर थेंब. धार नव्हे. जास्तीचं तेल फिल्मवर उडतं."

"तुम्हीच करा मग!"

"माझे हात थरथरतात म्हणून तर तुला शिकवली एवढी."

दिव्यासमोर जिथून फिल्म सरकते, त्या फटीत मात्र माझ्या ओळखीचा माल होता. घट्ट बसलेलं किटण. असलं मी रोज काढते. फिल्म एकेक चित्र करत खाली ओढणारी बारीकशी नखी असते, तीही पुसली. एक कोरा तुकडा घालून चालवून पाहिला, लोण्यासारखा गेला.

भर दुपारी पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली आणि आईचं रीळ चढवलं.

चादरीवर आले बाबा. लुकडे, फाटक्या बनियनमध्ये, एका घडीच्या खुर्चीशी कुस्ती खेळताना. पण चित्र असं थडथडत होतं की डोकं उठावं. मी बटण बंद केलं. "नखी फिल्म धरत नाहीये नीट."

"अगं, ठीक आहे ते," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

परत नखी पुसली, परत रीळ गुंडाळलं, परत लावलं. थडथड तशीच. हात टेकले आणि तसंच पुढे बघत राहिले. खुर्चीने बाबांचं बोट चावलं, मग बाबा गवतात आपटले, मग उठले, पुन्हा आपटले. आणि रीळ संपलं! शेपूट फटाफट आपटायला लागलं.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, यात आई कुठाय? तुमचं बनियन, तुमची खुर्ची, तुमचं आपटणं! चार दिवस मी या डब्याची धुणीभांडी करतेय ती हे बघायला?"

बाबा माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघायला लागले, की जणू मीच अर्धवट. "अगं वेडे, मग कॅमेरा कोण धरणार? ती धरून उभी आहे."

"हसतेय म्हणालात ना तुम्ही!"

"हसतेच आहे की. बघ ना, किती हलतंय."

मी रीळ गुंडाळून पुन्हा चढवलं. या वेळी आधी कडांकडे बघितलं. नखी फिल्म सोडत असती तर दोन चित्रांमधली काळी पट्टी तिथे डोकावली असती, पण चादरीवरच्या चौकटीच्या चारही कडा खिळे ठोकल्यासारख्या गप्प होत्या. मशीन अगदी नीट चाललं होतं. कडांच्या आत बाबा, खुर्ची आणि मागची भिंत तेवढी नाचत होती. बोट चेमटलं तेव्हा चित्राला गचके बसले. बाबा पडले तेव्हा तर कॅमेरा आभाळात जाऊन आला.

"जड होता तो कॅमेरा," बाबा म्हणाले. "दोन्ही हातांनी धरावा लागायचा. तोंड झाकायला हात आणणार कुठून? पहिल्यांदा खरंच पडलो गं मी. नंतरचं सगळं मुद्दाम."

मला रडू यायला लागलं होतं आणि बाबांना ते दिसू नये म्हणून मी चादरीकडे बघत राहिले. तिथे तो बनियनमधला लुकडा गवतात आडवा पडून समोर, कॅमेऱ्याच्या थोडं वर, टक लावून बघत होता. मला जे बघायचं होतं ते तो बघत होता, आणि मेला उठायचं नाव घेत नव्हता.