सुटलेला रकाना

सिरिंज गळ्यापर्यंत भरलेली दिसली आणि धाकट्या मॅडमच्या छातीत धस्स झालं.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. नर्सिंग कॉलेजची सरावखोली, पलंगावर रबरी बाळ, आणि सिरिंजमध्ये नुसतं रंगीत पाणी. सगळा वर्ग जिला बडबडी म्हणायचा ती मुलगी बाळाला झटक्यांचं सिरप पाजायच्या तयारीत होती. पण धाकट्या मॅडमच्या घरी नुकतीच पावलं टाकू लागलेली मुलगी होती. तापात तिला झटके येऊन गेले होते, आणि हेच सिरप त्या रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं भरत. त्यांच्या लेकीचं वजनही या रबरी बाळाइतकंच. किती भरलं म्हणजे बरोबर, हे डोळ्यांत बसलेलं होतं. हे त्याच्या कितीतरी वर होतं.

"थांब गं. एवढं कुठून काढलंस?"

"आपल्याच पुस्तकातून, मॅडम. देऊ ना? मला बघून न रडणारं हे पहिलंच बाळ आहे."

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "फोन दाखव."

आपलं पुस्तक म्हणजे आजारी मुलांच्या शुश्रूषेचं, विद्यापीठाच्या मुक्त पुस्तकांमधलं. बाजारातलं पुस्तक इतकं महाग होतं की चौघीजणी मिळून एक घेत आणि परीक्षेच्या तोंडावर त्यावरून अबोला धरत. म्हणून धाकट्या मॅडम आणि ग्रंथपाल सर, दोघांनी सगळ्यांच्या मागे लागून हे नवं पुस्तक लिहून घेतलं, स्वतःही लिहिलं, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकलं. कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, आपल्या वर्गापुरतं बदलावं. ते पुढेही ठेवायचं की नाही, हे आज दुपारच्या बैठकीत ठरायचं होतं. विभागप्रमुख असलेल्या मोठ्या मॅडम पहिल्यापासून नाराज होत्या. "फुकटच्या पुस्तकाला धनी नसतो," असं त्या तोंडावर म्हणत.

बडबडीच्या फोनवर औषधांचा तक्ता उघडला. औषध, वजनामागे किती, दिवसाचा डोस. बस्स. चौथा रकाना, दिवसाचा डोस किती वेळा विभागून द्यायचा तो, नव्हताच.

कुठे गेला ते मॅडमना लगेच कळलं, कारण काढला त्यांनीच होता. तक्ता पडद्याबाहेर जातो, सारखं सरकवावं लागतं, अशी मुलींची तक्रार होती. मग फोनसाठीच्या प्रतीत त्यांनी तो रकाना काढून त्यातली माहिती तक्त्याखाली टीप म्हणून लिहिली. कॉम्प्युटरवर टीप व्यवस्थित दिसत होती. त्यांनी पुन्हापुन्हा वाचली होती. फोनवर ती उतरलीच नव्हती. गॅसचं बटण, दाराची कडी, झोपलेल्या लेकीचा श्वास, सगळं परत परत तपासणारी ही बाई. नणंद तर म्हणायची, "वहिनी, त्या कडीलासुद्धा तुझा वैताग आलाय." आणि फोनसाठी केलेलं पान फोनवर उघडून बघायचं मात्र राहून गेलं होतं.

"मुलांच्या वॉर्डात आज कोण आहे?"

"लाजरी आणि तिची तुकडी. का हो मॅडम?"

लाजरी. जी वर्गात शंकासुद्धा शेजारणीच्या कानात विचारते. मॅडमनी वॉर्डाला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मुलींना तो तक्ता वापरायचा नाही असं बजावून त्या निघाल्या.

जिन्यात ग्रंथपाल सर भेटले. बैठकीसाठी ठेवणीतला शर्ट, काखेत फाइल. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. पण सावरलेही लगेच.

"अहो, आपलं पुस्तक छापील थोडंच आहे? मी आत्ता बसतो, रकाना परत घालतो. बैठकीपर्यंत झालेलं असेल. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"आणि ज्यांनी आधीच फोनमध्ये उतरवून घेतलंय त्यांचं काय? इतर कॉलेजांनी नेलंय त्यांचं?"

"त्यांना कळवू ना. पण उद्या. आज ही गोष्ट मोठ्या मॅडमच्या कानावर गेली तर पुस्तक गेलंच म्हणून समजा. पोरी परत त्या महागड्या पुस्तकाच्या दारात. एक दिवस, मॅडम. एकच दिवस दम धरा."

मॅडमचा पाय क्षणभर पायरीवरच अडला. दोन वर्षं लेकीला पोटात, मग मांडीवर घेऊन केलेलं काम होतं ते.

"सर, आज संध्याकाळीसुद्धा कुणीतरी सिरप भरणार आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर ठळक लिहा, चूक काय आहे आणि बरोबर काय ते. सगळ्या कॉलेजांना कळवा. आणि मोठ्या मॅडमना तुम्हीच सांगा, मी वॉर्डात चाललेय." सरांचं उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

कॉलेज आणि हॉस्पिटलमधलं पटांगण ओलांडताना त्या चालत होत्या की धावत होत्या, त्यांनाच कळलं नाही. वॉर्डाच्या दारातून आधी खिडकीजवळची खाट दिसली. लाजरी एका बाळाची हनुवटी पुसत होती. बाळ आईच्या कुशीत होतं. सिरिंज ट्रेमध्ये पडलेली होती. रिकामी.

"काय दिलंस?"

"झटक्यांचं सिरप, मॅडम." लाजरीचा आवाज नेहमीसारखा खोल विहिरीतून. "डॉक्टरांनी नुसता दिवसाचा डोस लिहिला होता. किती वेळा ते पुस्तकात बघितलं, तर काहीच नव्हतं. मग वाटलं, हे एकदाच द्यायचं असेल. सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे होत्या... विचारणार होते..."

"सगळं गेलं पोटात?"

"थोडं थुंकला तो."

मॅडमनी डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांनी बाळाला तपासलं, ट्रेमधली सिरिंज पाहिली, बाटली पाहिली. सिस्टर धावत आल्या आणि लाजरीवर कडाडल्या, "तुला तोंड दिलंय ना देवानं?"

"तिला नका बोलू," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात चूक आहे. ती माझी आहे."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, जीवावर बेतेल इतकं गेलेलं नाही, पण गुंगी येईल. श्वासावर नजर ठेवायची, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावायचं, संध्याकाळपर्यंत जागचं हलायचं नाही. बाळाची आई हे सगळं ऐकत होती. वयानं धाकट्या मॅडमपेक्षाही लहान.

"काय झालंय? मला कुणी सांगेल का?"

सांगणं मॅडमवर आलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि काही न झाकता सांगितलं. दिवसभरात विभागून द्यायचं औषध एकदम दिलं गेलं. पुस्तकाच्या एका पानात एक रकाना नव्हता, तो मी काढला होता.

"का काढलात?"

"फोनवर पान मावत नव्हतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्हाला मूल आहे?"

"आहे. मुलगी."

"मग बसा इथेच. हा उठेपर्यंत मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

"मी कुठे चाललेय, ताई," मॅडम म्हणाल्या.

बाळाला गुंगी चढत गेली. पापण्या मिटल्या, मूठ सैल पडली. मॅडमची नजर त्या इवल्या छातीवरून हलेना. छाती वर जायची, खाली यायची, मग जरा थांबल्यासारखी वाटायची, आणि त्या थांबण्यात दोन्ही आया श्वास रोखून बसायच्या. यंत्रावरचा आकडा एकदा खाली घसरला. डॉक्टरांनी बाळाला हलवलं, तळव्यावर टिचकी मारली. आकडा वर आला. लाजरी भिंतीशी उभी होती; तिला कुणी जा म्हटलं नाही, आणि ती गेलीही नाही. बैठकीची वेळ झाली, टळूनही गेली. मॅडमच्या ते ध्यानातही नव्हतं.

उन्हं खिडकीवरून उतरली तेव्हा बाळानं तोंड वाकडं केलं. मग असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरचं बाळही सामील झालं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि मान हलवली. आईनं बाळाला छातीशी धरलं आणि मॅडमकडे पाठ केली. "आता जा तुम्ही," ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर मोठ्या मॅडम बसल्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"सरांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावरचंही वाचलं. एवढ्या मोठ्या अक्षरात स्वतःची चूक लिहितं का कुणी?"

"लांबून दिसायला हवी होती."

"बैठक मी थांबवली. तुमच्याशिवाय काय बोलायचं? पुढच्या आठवड्यात होईल. हो म्हणतील की नाही, मला माहीत नाही, आणि माझं मत अजून बदललेलं नाही. तोवर फोनवरची प्रत बंद."

"परीक्षा तोंडावर आलीये, मॅडम. त्यांच्याकडे दुसरं पुस्तक नाही."

"म्हणूनच तर इथे बसलेय." मोठ्या मॅडमनी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि पिशवीतून एक फोन काढला. संगणकाशिवाय एक अक्षर न वाचणाऱ्या त्या बाईंनी तो फोन कुणाकडून तरी मागून आणलेला दिसत होता. मागे चकचकीत फुलपाखराचं स्टिकर होतं. "एकेक पान यावरच तपासायचं. जेवढी पानं बरोबर निघतील तेवढी आजच परत चढवायची. सरकवायचं कसं हे? हं. तुम्ही वाचा, मी मूळ प्रतीशी ताडून बघते."

आत बाळ अजून रडत होतं. धाकट्या मॅडमनी फोन हातात घेतला. पहिली ओळ त्यांनी घाईत, पुटपुटत वाचली.

"मोठ्यानं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "आणि हळू."