जाळीतले एक रिकामे घर

वारज्याच्या त्या सामायिक सुतारशाळेत नियम एकच होता, आणि तो अनंतकाकांनी स्वतः रंगवून भिंतीवर लावला होता: कोणाचाही हात पात्याजवळ दिसला, तर कोणीही लाल बटण दाबावे, ज्याचे यंत्र थांबेल, त्याने रागावू नये. काका निवृत्त ड्राफ्ट्समन. सुतारशाळा त्यांनीच उभी केलेली.

सत्यशीला तिथली सर्वांत नवी. येरवड्याच्या विहारासाठी ती जपानी धाटणीची जाळी करत होती: बारीक पट्ट्या खाचांनी एकमेकींत अडकवायच्या आणि प्रत्येक घरात नखाएवढे तुकडे असे बसवायचे, की खिळ्याची आठवणही होऊ नये. तिची आई चंद्रभागाबाई विहारात सर्वांना सांगून बसली होती, की बुद्धपौर्णिमेच्या सकाळी खिडकीतले ऊन माझ्या लेकीच्या हातून गाळून येईल. पौर्णिमा उद्यावर आली होती, आणि कडेची घरे अजून रिकामी होती.

"तुमच्या गतीने ही पुढच्या वैशाखात लागेल," काका म्हणाले. "द्या इकडे."

गोल करवत फिरू लागली. तुकडे पुढे सरकवायची लाकडी दांडी काकांना अडचणीची वाटली. त्यांनी ती बाजूला ठेवली. पात्याचा स्वर चढला. भुशाच्या पिवळसर धुक्यात त्यांचे बोट पात्याकडे निघाले, शांतपणे, ओळखीच्या घरी शिरावे तसे.

सत्यशीलाने लाल बटण दाबले.

पाते घरघरत मंदावले आणि थांबले.

"तो नियम मी लिहिलाय," काका म्हणाले.

"वाचला मी, काका. अक्षर सुरेख आहे."

काकांनी गॉगल काढून पुसला, भिंतीवरची बारीक दात्यांची हातकरवत उतरवली आणि तिच्याशेजारी स्टूल ओढले.

"सरका जरा."

सुतारशाळेला कुलूप लागेपर्यंत दोघे हाताने तुकडे कापत, पटाशीने त्यांच्या कडा तासत राहिले. तरी एक घर उरलेच.

सकाळी जाळी खिडकीत बसली. विहाराच्या फरशीवर उन्हाची नक्षी उमटली; एका जागी मात्र ऊन अख्खे पडले होते. चंद्रभागाबाईंनी ते लगेच हेरले.

"इथला तुकडा विसरलात वाटतं?"

"विसरलो नाही, बाई." काकांनी आपली तर्जनी त्या अख्ख्या उन्हात धरली. "तिथं माझं हे बोट बसलं असतं. तुमच्या मुलीनं बसू दिलं नाही."

पुढच्या आठवड्यात सत्यशीला उरलेला तुकडा घेऊन आली, तेव्हा आईने तो बसवू दिला नाही. विहारात कोणी नवे आले, की चंद्रभागाबाई जाळी दाखवतात. आधी ते रिकामे घर, मग बाकीची नक्षी.